लाल सुईचा भाव

मित्रांनो, मला पाहून नाक मुरडू नका. मी काचेची सिरिंज आहे. अंगावरचे आकडे आता पुसले गेलेत, दट्ट्या अडकतो. पण एके काळी सोनईच्या अलीकडच्या एका गावात माझ्यावाचून पान हलत नव्हतं. ती वर्षं आठवली की मला अजून किळस येते.

नगरच्या दुकानातून राधाकृष्ण डॉक्टरांनी मला विकत घेतलं. दुकानदाराने किंमत सांगितली, डॉक्टरांनी घासाघीस केली आणि चार आणे पाडून घेतले. माझा भाव त्यांनी अगदी चोख विचारला होता.

सकाळी एकदा स्टोव्हवर मला उकळायचे. मग दिवसभर या दंडातून त्या दंडात! मध्ये नुसता स्पिरिटचा बोळा फिरवायचे. माझ्या पोटात काय भरलंय ते मला ठाऊक असे. ते होतं साधं लाल रंगाचं ताकदीचं औषध. गावाचा समज असा की पांढऱ्यापेक्षा लाल औषध जहाल. लाल सुई टोचली नाही तर डॉक्टरकडे जाऊन आल्यासारखंच वाटत नसे. डॉक्टरांना हे पक्कं माहीत होतं. सर्दीला लाल, गुडघ्याला लाल, झोप येत नाही म्हणूनही लाल!

भाव मात्र आधी कधी सांगायचे नाहीत. सुई टोचून झाली की माणसाचं धोतर, वहाणा न्याहाळायचे आणि मग आकडा बोलायचे. पैसे नसले तर वस्तू ठेवून घ्यायचे. मागच्या फळीवर तांबे, समया, जोडवी दाटीने मांडलेली असत. तो दवाखाना आहे की मोडीचं दुकान, असा प्रश्न मला पडायचा.

केशरबाई आठवडे बाजारात भाजी विकायची. तिच्या लेकीला, लंकाला, ताप आला. आपसूक उतरणारा साधा ताप, पण डॉक्टरांनी रोज लाल सुई दिली आणि शेवटी असा आकडा सांगितला की बाईचे डोळे पांढरे झाले. डॉक्टरांनी तिचा तराजूच ठेवून घेतला. त्यांना जराही लाज वाटली नाही, मित्रांनो! फळीवर तराजू ठेवून ते पुढच्या दंडाकडे वळले.

त्या बाजारी केशरबाईने कांद्याचे वाटे मांडले. पण तराजू नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक संशयाने पुढच्या बाईकडे जाई. दिवस मावळेपर्यंत निम्मा माल तसाच राहिला. आणखी एक-दोन बाजार असेच गेले असते तर तिची चूल बंद पडली असती.

पुढच्या बाजारच्या दिवशी ती लंकाला घेऊन दवाखान्यात आली. ताप गेला होता, तरी डॉक्टरांनी अजून एक सुई घ्यायला बजावलं होतं. बाकावर माणसं दाटली होती, त्यांत सरपंच आप्पासाहेबही खोकत बसले होते. डॉक्टरांनी मला उचललं.

"थांबा डाक्टर," केशरबाई म्हणाली. "आधी भाव सांगा."

"प्राणाचा भाव विचारतेस?" डॉक्टर कडाडले.

"प्रानाचा न्हाई, सुईचा इचारते. मी मेथीची जुडी देताना आधी भाव सांगते. मंग तुमी का न्हाई?"

बाकावर बसलेले शाळेचे शमुवेल मास्तर हळूच म्हणाले, "माझ्याकडून दोन रुपये घेतले होते."

"दोन?" त्यांच्या शेजारचा गोरक्ष उठलाच. "माज्याकडनं पाच घेतलं! तीच लाल हुती ना?"

"ज्याची जशी ऐपत, तसं घेतो मी," डॉक्टर म्हणाले.

"माजी ऐपत त्या फळीवर हाय," केशरबाई म्हणाली. मग ती आप्पासाहेबांकडे वळली. "बेलापूरचा प्रभुदास डाक्टर हितं दवाखान्याला जागा मागत हुता. तुमी ती का नाकारली?"

आप्पासाहेब पुटपुटले, "गावाला एक डॉक्टर पुरे, असं यांनीच सुचवलं होतं."

"बाजारात आमी किती जनी मेथी इकतो! म्हनून तर भाव आवाक्यात ऱ्हातो. एकटीच बसले असते तर मीबी लुटलं असतं."

बाकावरून माणसं एकेक करून उठली आणि फळीवरची आपापली भांडी मागू लागली. डॉक्टरांनी सगळ्यांत आधी तराजू काढून दिला. आप्पासाहेबांना निवडणूक दिसत होती. त्यांनी एसटी थांब्याजवळची ओसरी प्रभुदास डॉक्टरला देऊन टाकली.

त्याने दारातच फळ्यावर खडूने दर लिहिले. सुई आठ आणे, आणि गरज नसेल तर नाही. इकडे रांग आटली, तेव्हा राधाकृष्ण डॉक्टरांनीही तसाच फळा टांगला.

आणि मग काय झालं, ऐका. त्याच सर्दीला, त्याच गुडघ्याला डॉक्टर सांगू लागले, "सुई कशाला? गरम पाणी पी, शेक घे." आठ आण्यांसाठी स्टोव्ह पेटवणं त्यांच्या जिवावर येऊ लागलं. म्हणजे इतके दंड मी उगाचच टोचले होते! माझी मला शिसारी आली ती त्या दिवशी.

मित्रांनो, मेथी घेताना भाव विचारता, तसाच दवाखान्यातही दंड पुढे करण्याआधी विचारा. डॉक्टर रागावला तर रागावू दे. कारण भाव फळ्यावर लिहिला गेला आणि गावातले निम्मे आजार सुईवाचून बरे होऊ लागले.