चेंबरमधली पांढरी जट

वाइप्स कंपनीचे साहेब, तुमच्या पाकिटावर ‘बिनधास्त फ्लश करा’ असं छापलं जात होतं तेव्हा तुम्हाला झोप लागली होती, की मुद्दाम डोळे मिटले होते? पुण्याजवळ पुनावळ्याच्या एका सोसायटीत देवी अवतरली, ती तुमच्याच आशीर्वादानं.

मागच्या गेटजवळ ड्रेनेजच्या चेंबरभोवती चार दिवसांपासून झुंबड होती. झाकण काढलेलं, अन् आत मैल्यातून वर आलेली मनगटाएवढी जाड, पांढुरकी, पीळदार जट. बाया हळदकुंकू वाहत होत्या. वाकडच्या ऑफिसांतले साहेबलोक एका हातानं नाक दाबून दुसऱ्या हातानं व्हिडिओ काढत होते.

“बिल्डरनं हितली इहीर बुजवली,” चेंबरपाशी पाट मांडून बसलेले एक महाराज सांगत होते. “तिच्यातल्या आसरा, पाण्यातल्या देव्या, हायेत ह्या. इतके दिवस पाण्यात हाय जट. कुजली? इरघळली?”

“नाही महाराज,” बाया म्हणाल्या.

“मग? ही जट कापायची न्हाई. वढायची न्हाई. घरटी एक लेकरू आजारी पडंल.”

झालं. प्लंबर इकबाल लोखंडी आकडा घेऊन दोनदा आला, दोनदा परत पाठवला. अन् तुंबलेलं पाणी शिरलं चेंबरशेजारच्या खोलीत. तिथं जिने झाडणाऱ्या मंजुळाबाई राहायच्या. चार दिवस खाट विटांवर चढवून त्या मैल्यात झोपत होत्या. महाराजांना उपायही तिथंच सापडला. देवीच्या अंगणात झाडूवालीचा संसार, हा विटाळ आधी हलवा!

चेअरमन अर्जुनराव लगेच म्हणाले, “मंजुळाबाई, रविवारपर्यंत दुसरीकडं बघा.”

“व्हय साहेब,” त्या म्हणाल्या. “मैला तुमचा, इटाळ माजा.”

गर्दीत कडेवर लेकरू घेऊन रुपाली उभी होती. जटेवर तिला बारीक निळी बदकं दिसली. तिच्याच वाइप्सवर ती बदकं असतात. आठ महिने, रोज पाच-सहा, थेट कमोडमध्ये. पाकिटानं सांगितलं होतं ना! अन् याच लेकराला जन्मल्यापासून सव्वा महिना तेल चोळून न्हाऊ घातलं होतं मंजुळाबाईंनी. तोंड उघडावं की नाही? बाजूच्या बाईनं कुंकवाचा करंडा पुढं केला. रुपालीनं चिमूटभर वाहिलं आणि घर गाठलं.

घरी तिनं बादलीत एक वाइप टाकला, दुसऱ्या बादलीत पाहुण्यांसाठी आणलेला टॉयलेट पेपर. दोन्ही काठीनं ढवळले. विरघळ बाबा, एवढंच मनात. सकाळी पेपराचा लगदा झाला होता. वाइप मात्र पिळून दोरीवर वाळत घालावा असा धडधाकट.

दोन्ही बादल्या घेऊन ती खाली उतरली. आधी इकबालला फोन केला होता.

“मला पुढं करू नका ताई,” इकबाल म्हणाला. “आधीच बोलतात, ह्याचा देव वेगळा.”

“आकडा माझ्या हातात द्या.”

“बाई,” महाराज गुरगुरले, “तुमच्या लेकराला—”

रुपालीनं एका बादलीतला लगदा दाखवला, दुसरीतला अख्खा वाइप वर धरला. “माझ्या लेकराचं ढुंगण पुसलंय ह्यानं, महाराज. मीच टाकलेत असले कमोडमध्ये. करा नमस्कार.”

तिनं जट ओढली. पीळ सुटला तशी बदकंच बदकं. त्यात शेजारच्या वर्षालीचे मेकअप पुसायचे वाइप्स होते, आणखी कुणाकुणाचे होते.

“हा कागद नाही, प्लॅस्टिकच्या धाग्यांचं कापड आहे,” इकबाल समजावू लागला. “एक पाइपाच्या वळणावर अडकतो, त्यावर भांड्यांचं तेल थिजतं, मग मागून येणारे गुंततात. पाण्याच्या भोवऱ्यानं पीळ बसतो. कुजत नाही ते काय देवपणानं?”

पाणी गुडगुड करत उतरलं. अर्जुनराव चपलेकडं बघत म्हणाले, “खोली राहू द्या तुमचीच, मंजुळाबाई.” महाराज नारळ गोळा करून गेले.

रुपाली खोलीत वाकून चिखल काढू लागली. “मावशी, चुकले मी.”

मंजुळाबाईंनी मान वर केली नाही. “काल कुंकू वाहताना बघितलं म्या तुला.”

रुपाली चिखलाचं घमेलं उचलून बाहेर गेली.

लोकहो, पाकिटावर विश्वास ठेवण्याआधी एक बादली पाणी घ्या. वाइप कचऱ्याच्या डब्यातच टाका. न कुजणाऱ्या वस्तूला देव म्हणण्याआधी ती कुणाच्या घरातून आली ते विचारा.

अन् साहेब, रुपालीनं चारचौघांत कबूल केलं. ‘बिनधास्त फ्लश करा’ हे तीन शब्द छापण्याआधी वाइप बादलीत बुडवून कुणी तपासला होता? नाव सांगा.