त्र्याऐंशी तुकडे

औषधांच्या कारखान्यात गोळ्यांचं वजन तपासण्याचं काम तिच्याकडे होतं. काचेच्या पेटीतला काटा चार दशांश स्थळांपर्यंत आकडा दाखवायचा. जवळ कोणी जोरात श्वास सोडला तरी शेवटचा अंक हलायचा. म्हणून तिथे सगळे तिला दशांशताई म्हणत. हे नाव चर्चच्या मंडळीत पोचलं तेव्हा दोन-चार म्हाताऱ्यांना वाटलं, बाई उत्पन्नाचा दशांश, म्हणजे दहावा हिस्सा, देवाला इमानेइतबारे देते म्हणून असं म्हणत असतील. तिने कोणाचा गैरसमज दूर केला नाही.

अकरा वर्षं उपासनेत वाटायची प्रभुभोजनाची भाकर तीच करत आली होती. महिन्याच्या पहिल्या रविवारसाठी शनिवारी दुपारी बिनखमिराची भाकर भाजायची आणि सुरीने तुकडे करायचे. या एका कामात ती काट्याला हात लावत नसे. पीठ अंदाजाने, हात सढळ. दरवेळी पंधरा-वीस तुकडे उरत.

या शनिवारी मात्र पाळक सकाळीच दारात उभे राहिले.

"ताई, उद्या तोही भाकर घेणार आहे. तुमच्या कानावर माझ्याकडूनच आधी जावं म्हणून आलो."

'तो' कोण, हे विचारायची गरज नव्हती. तो लिफ्टचा मेकॅनिक. चार वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याच्या ऑफिसातल्या लिफ्टची तपासणी त्याने केली होती. म्हणजे केलीच नव्हती. ब्रेकचं अस्तर तीन मिलिमीटरच्या खाली गेलं की बदलायचं असतं. हा वर यंत्राच्या खोलीत चढलाच नाही. खाली बसून मागच्या खेपेचा आकडा उतरवला: चार पूर्णांक दोन दशांश. प्रत्यक्षात एक मिलिमीटरही उरलं नव्हतं. आठव्या दिवशी दार उघडं असताना लिफ्ट घसरली. तेव्हा तिच्या नवऱ्याचा एक पाय आत होता, एक बाहेर.

मेकॅनिकने दोन वर्षं कैद भोगली. गेले तीन महिने तो याच मंडळीत येत होता आणि सगळ्यांच्या मागे, दाराजवळच्या सुट्या खुर्चीत बसत होता.

"त्याला दुसरी मंडळी नव्हती मिळाली?"

"दोन ठिकाणी गेला होता. दोन्हीकडून वाटेला लावलं. मग मीही दार लावून घेऊ?"

"लावा की. कडी आतूनच आहे."

"कृपा तुमच्या-माझ्या घरची नाही, ताई. ती भरपूर आहे. एकाला मिळाली म्हणून दुसऱ्याची कमी होत नाही."

"हे गेले तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला होतात. भरपूर आहे म्हणून. माझ्या भांड्यात मला अजून तळच दिसतोय."

ते गेल्यावर तिने कपाटातून वजनकाटा काढला, पुसला, ओट्यावर ठेवला. तिच्यासोबत राहणारी नणंद भाजी निवडत होती. तिने मान वर केली.

"वहिनी, काटा कशाला?"

"आजारी तिघं सोडून भाकर घेणारे किती? त्र्याऐंशी. आपण दोघी धरून. प्रत्येकी चार ग्रॅम. तीनशे बत्तीस."

"आणि तो?"

"तो हिशेबात नाही."

ताट पुढून मागे जायचं. शेवटच्या बाकावर, स्वयंपाकघराच्या दाराशी ती स्वतः बसायची, आणि तिच्याही नंतर ती सुटी खुर्ची. ताट त्याच्यापुढे जाईल तेव्हा रिकामं असेल. तिला तोंडाने काही बोलावंही लागणार नव्हतं.

"माझाही दादाच गेलाय," नणंद म्हणाली. "तो माणूस दिसला की मीही तोंड फिरवते. पण प्रभूची भाकर मापून? उद्या देवालाच त्या काट्यावर बसवशील."

"बसवीन. आकडा तरी कळेल."

भाजल्यावर वजन घटतं ते धरून तिने पीठ घेतलं. भाकर उतरली ती तीनशे तेहतीस ग्रॅम. कडेचा जास्तीचा एक ग्रॅम तिने नखाने खुडला आणि खिडकीतून बाहेर टाकला.

रविवारी दारावर नवा स्वयंसेवक होता. त्याला कोणाचंच काही ठाऊक नव्हतं. काठी टेकत आलेल्या एका आजोबांना बाकावर बसता येईना, म्हणून त्याने मेकॅनिकला सुट्या खुर्चीतून उठवलं आणि जागा दिसली तिथे बसवलं. जागा तिच्या शेजारी होती. मेकॅनिकने नको नको म्हणत मान हलवली. पण तेवढ्यात प्रार्थना सुरू झाली आणि तो अंग चोरून बसला. त्याच्या बाहीला साबणाचा वास होता.

ताट रांगेरांगेने मागे आलं. ताट फिरवणाऱ्या सेवकाने आधी खुर्चीतल्या आजोबांना दिलं, मग ताट बाकावर सरकवलं. हातोहात ते मेकॅनिककडे पोचलं. ताटात एक तुकडा होता आणि पुढे दोन माणसं.

त्याने तुकड्याकडे पाहिलं, मग तिच्या मोकळ्या हातांकडे. त्याने तो मोडला. लहान तुकडा स्वतः घेतला आणि ताट दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं.

तिला काटा लागला नाही. त्याने एक ग्रॅम घेतला होता, फार तर सव्वा. उरलेलं सगळं तिचं होतं.

ते नाकारायचं तर सगळ्या मंडळीदेखत नाकारावं लागलं असतं. तिने घेतलं. तोंडात ते किती तरी वेळ तसंच राहिलं, आणि शेवटी त्याच माणसाच्या हातचं म्हणून गिळावं लागलं.

उपासनेनंतर ती स्वयंपाकघरात ताट धूत होती. तो द्राक्षरसाचे रिकामे प्याले घेऊन दाराशी आला.

"ताई, माझ्यामुळे तुम्हाला कमी पडलं."

"कमी पडलं नाही. मी मोजूनच केलं होतं."

त्याला समजलं. तो चिडला असता तर तिला फार बरं वाटलं असतं.

"बरोबर केलंत," तो म्हणाला. "मोजायचं होतं तिथे मी मोजलं नाही."

त्याने प्याले एकेक करून, आवाज न करता, ओट्यावर मांडले आणि तो निघून गेला. पाठोपाठ पाळक आत डोकावले. चेहरा खुललेला.

"पुरलं की सगळ्यांना! मी म्हटलं नव्हतं?"

तिला ते ओलं ताट त्यांच्या अंगावर भिरकावावंसं वाटलं. "हो," ती म्हणाली. "पुरलं."

घरी आल्यावर नणंदेने काटा कपाटात ठेवायला उचलला.

"राहू दे बाहेर," ती म्हणाली. "पुढच्या खेपेलाही लागेल. तीनशे छत्तीस."

नणंदेने बोटांवर हिशेब केला, पुन्हा केला. "म्हणजे त्याचे चार वाढवलेस?"

"चारच. वर एक कणही नाही."