आप्पांचा कुलूपबंद आवाज

घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज जाणार, हे डॉक्टरांनी आप्पांना आधीच सांगितलं होतं. जन्मभर शाळेत कवायत घेतलेला माणूस; मैदानाच्या या टोकाला त्यांनी ‘सावधान’ म्हटलं की त्या टोकाची पोरं ताठ व्हायची. वरच्या मजल्यावर थोरल्या मुलाच्या कॉम्प्युटरपुढे बसून त्यांनी आवाज भरून ठेवला. हसले, रागावले, लेकीला ‘ए चिमणे’ म्हणून हाक मारली.

ऑपरेशननंतर ते खाली लेकीकडे राहायला आले. थोरल्याला, तिच्या दादाला, ते चांगलंच झोंबलं.

घरातले दोन्ही कॉम्प्युटर जोडलेले होते. लेकीला आपल्या स्क्रीनवर आप्पांच्या आवाजाचं फोल्डर दिसायचं, ‘हसणं’, ‘चिमणी’ अशी फाइलींची नावंही दिसायची. उघडायला गेलं की एकच उत्तर : परवानगी नाही. दादाने सगळ्या फाइली एन्क्रिप्ट करून कुलूपबंद केल्या होत्या. त्यांची किल्ली वरच्या कॉम्प्युटरवरच्या त्याच्या खात्यात होती.

ती वर गेली. “दादा, उघड ना रे. आप्पांनाही ऐकायचंय.”

“आप्पांना खाली नेलंस, त्याची आधी माफी माग. माझ्या बायकोसमोर.”

तिने मागितली. वहिनी टीव्हीचा आवाज कमी न करता ऐकत राहिली. दादाने पासवर्ड टाकला, फाइल लावली. “ए चिमणे...” आप्पांचा भरदार आवाज खोलीत घुमला आणि दादाने तो तिथेच बंद केला.

“आज एवढंच. शहाण्यासारखी वागलीस तर पुढचं.”

मग हे नेहमीचंच झालं. वहिनीचे कपडे इस्त्री केले की एक हाक. दादाच्या पाहुण्यांची उष्टी काढली की अर्धं हसू. आप्पा जिन्यात उभे राहून ऐकायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे.

एका दुपारी दादा-वहिनी बाहेर गेले, तेव्हा ती आप्पांना घेऊन वर गेली. त्या कॉम्प्युटरवर तिचंही जुनं खातं होतं, सगळे अधिकार असलेलं. तरी फाइली उघडेनात. तिने दुरुस्तीवाल्याला फोन लावला, स्पीकरवर.

“तुमच्या खात्यातून नाही उघडायच्या, ताई. त्यांचं खातं तुम्ही उडवू शकता, पण किल्लीही उडेल. तिची कॉपी नसेल तर फाइली नुसत्या नावाला राहतील. कुणाचा बापही उघडू शकणार नाही.”

तिने फोन ठेवला. आप्पांनी खुर्ची पुढे ओढली आणि माउसवर हात ठेवला. दादाचं खातं तिनेच त्यांना दाखवलं. ‘हटवायचं का?’ स्क्रीनने विचारलं. त्यांनी लेकीकडे पाहिलं. तिला ‘नको’ म्हणायचं होतं. एक हाक तरी आणखी ऐकायची होती. तिने त्यांचा हात अडवला नाही. आप्पांनी बटण दाबलं.

संध्याकाळी दादा धडधडत खाली आला. “काय केलंस गं? एकही उघडत नाही! तुझ्याकडे कॉपी असेल ना? असेल ना?”

“तू दिली होतीस?”

तो आप्पांपुढे गुडघ्यांवर बसला. “आप्पा, मी सगळं देणारच होतो हो. आईशप्पथ. माझ्याकडेही तेवढंच होतं तुमचं.”

आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांचे खांदे गदगदू लागले, तोंड उघडलं. ते रडताहेत असं वाटून दादाने त्यांचे हात धरले. मग त्याला कळलं, ते हसत होते. आवाज मात्र अजिबात नव्हता, आणि हसणं थांबतही नव्हतं.