गादीत खोचलेली सुई

सकाळी नऊला सफाईच्या काशीमावशीने सहा नंबर बेडची चादर ओढली आणि "आई गं!" म्हणून हात झटकला. अंगठ्याच्या मुळाशी रक्ताचा थेंब आला. गादीच्या कडेला वापरलेली सुई खोचलेली होती आणि तिच्या नळीवर हिरव्या पेनाने सहा लिहिलेली पट्टी होती.

त्या बेडवरचा माणूस दापोड्याच्या गोदामात पाय चेंगरून आलेला. त्याला आठलाच ठाण्याला हलवलं होतं. त्याच्या रक्तात काय आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी मावशीचा हात साबणाने धुतला. अशा वेळी एचआयव्ही रोखणारी गोळी दोन तासांत पोटात गेलेली बरी, हे आम्हा सिस्टर लोकांकडून घोकून घेतलेलं असतं. गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते आणि आमच्या नारपोलीच्या हॉस्पिटलातून रिक्षाने वीस मिनिटं लागतात.

पण मावशी हलेना. "ड्युटी सोडून गेले तर ठेकेदार उद्या गेटवरून परत धाडील," ती म्हणाली. "सोडल्याचं साहेबांचं सही-शिक्क्याचं पत्र आण आधी."

साहेब म्हणजे आल्हाद सर, आमचे मॅनेजर. गोड बोलतात. त्या गोड बोलण्याने माझं डोकं उठतं. "मावशी आपल्या स्टाफमध्ये येत नाहीत, उन्नती. त्या कॉन्ट्रॅक्टवर आहेत." तेरा वर्षं ही बाई आमची रक्तं, ओकाऱ्या, लघव्या पुसतेय आणि आपल्यात येत नाही! ठेकेदाराने साडेदहाला फोन उचलला. "पहले साहब से लिखवा लो," म्हणाला आणि ठेवून दिला.

वळ गावाहून दोन रिक्षा बदलून येणारी ही बाई वॉर्डाबाहेरच्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसली होती. अकरा वाजून गेले. मी तिसऱ्यांदा केबिनमध्ये गेले तेव्हा सरांनी कागद तयार ठेवला होता. 'मी हातमोजे घातले नव्हते. चूक माझी आहे.' खाली सहीची जागा.

"सही झाली की लगेच सोडतो," सर म्हणाले.

हातमोजे! हातमोजे त्यांच्याच कपाटात कुलपात. आणि मोज्याने सुई थांबते का? सुया टाकायला पांढरा डबा असतो, हात आत जात नाही असा. आमचा डबाही त्याच कपाटात. तपासणीची माणसं येणार म्हटलं की नव्या नवरीसारखा बाहेर येतो आणि ती गेली की परत आत. बेडजवळ डबा दिसला तर पेशंट घाबरतात म्हणे. मग आम्ही काय करतो? हातात चार कामं असली की सुई गादीच्या कडेला खोचतो आणि मागाहून काढतो. सगळ्याच करतात. जुन्या सिस्टरने नवीला शिकवलेलं आहे.

सरांनी मावशीला आत बोलावलं आणि तिने पेन घेतलं. मला तिचाही राग आला. अगं, भांड की जरा! ठेकेदाराचा राग आला, सरांचा तर आलाच. सगळ्यांवर चरफडून झालं आणि मग एकच माणूस उरलं.

ती सुई मी खोचली होती. आठला रक्त काढलं, तेवढ्यात स्ट्रेचर आला, मी सुई गादीत टोचली आणि पेशंटबरोबर खाली गाडीपर्यंत धावले. परत येऊन चहा प्यायले. मावशी ओरडली त्या क्षणी मला आठवलं होतं. तेव्हापासून मी नुसती दुसऱ्यांवर ओरडत फिरत होते.

मी तिच्या हातातून कागद ओढला आणि फाडला. कोऱ्या कागदावर लिहिलं, 'सुई मी गादीत खोचली. डबा कपाटात बंद असतो.' खाली माझं नाव, माझी सही.

"विचार कर, उन्नती. उद्या तुला कामावर ठेवता येणार नाही," सर म्हणाले. पहिल्यांदाच आवाज गोड नव्हता.

"नका ठेवू! आधी पत्रावर शिक्का मारा. नाहीतर हा कागद मी पोलीस चौकीत नेऊन देते."

त्यांनी शिक्का मारला. तेव्हा बारा वाजले होते.

रिक्षा निघाली आणि पुढे कंटेनर आडवा झाल्याने अडकली. मी मावशीचा हात धरायला गेले. तिने हात काढून घेतला.

"मावशी, मी मघाशीच सांगायला हवं होतं..."

"हिरव्या पेनानं तूच लिवतेस," ती म्हणाली. "नऊ वाजल्यापासून मना म्हाईत हाय."

"मग बोलली का नाहीस?"

"तू कवा बोलतेस, त्ये बघत व्हते." तिने अंगठा पदराने पुसला. रक्त केव्हाच थांबलं होतं. "तीन तास लागलं तुला. ते तास माझं व्हतं."