पसाभर फुटाण्यांची पोर

चंदा परवा आमच्या अमरावतीच्या घरी आली, ती काखेत सूप आणि हातात फुटाण्यांची पिशवी घेऊन. आत ये म्हटलं तर दारातच उभी राहून म्हणाली, "शिश्टर, पोरगी सोडवाले आली मी."

नवऱ्याने पेपर खाली ठेवला. त्याला वाटलं, बायकोने कुणाला डांबून ठेवलंय की काय. माझा स्वभाव बघता शंका अगदीच अस्थानी नव्हती. मला मात्र हसू आलं नाही. त्या सुपाकडे बघितलं आणि माझी पहिली नोकरी, ते गाव, तो वॉर्ड, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं.

मी अकोल्याची, जठारपेठेतली. नर्सिंग शिकले तिथेच, आणि नेमणूक झाली ती परतवाड्याच्या पुढच्या एका गावात. बाबा सोडायला आले होते. परतवाड्यापर्यंत एसटी, पुढे जीप. जीपमध्ये माझी सुटकेस मांडीवर आणि पायाशी कुणाची तरी कोंबडी. रुग्णालय लहानसं, मागे संत्र्याच्या बागा, बाजूला दोन खोल्यांचं क्वार्टर आणि त्यात मनात येईल तेव्हा वाहणारा नळ. बाबांनी सगळं बघितलं आणि "बरं आहे की" म्हणाले. ते कसं म्हणाले त्यावरूनच मला कळलं की बरं नाहीये. ते परत निघाले तेव्हा मी रडले नाही. आत जाऊन बूट घासत बसले. पांढरे बूट म्हणजे तिथे थट्टाच होती. काळी माती चिकटली की पाय उचलता उचलत नसे.

आजही फिनेल आणि शेपूच्या भाजीचा वास एकत्र आला की मी त्या बाळंतिणींच्या वॉर्डात जाऊन उभी राहते. घराघरांतून डबे यायचे, डिंकाचे लाडू यायचे, खाटेखाली चपलांचा बाजार भरायचा, आणि मी दिवसभर ओरडत असायचे. ललिता सिस्टर आमच्या इन्चार्ज. सुपारी चघळत त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "इथं लोकाईशी भांडाचं नाई, प्रतीक्षा. भांडून झाल्यावर त्याईच्याच घरचा चहा प्या लागते." मी रोज भांडायचे आणि रोज त्याच लोकांचा चहाही प्यायचे. तितकी आपली वाटलेली माणसं आणि तितका गोड चहा मला पुढे कुठेच मिळाला नाही.

चंदा आली ती थंडीच्या दिवसांत. शेतकरी घरातली, माझ्याच वयाची. तिची आधीची दोन लेकरं गेली होती, एक बारशाच्या आधी आणि एक रांगायला लागल्यावर. तिसरी ही मुलगी, दिवस भरायच्या आधीच आलेली, पावणेदोन किलोची. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "श्वास बरा आहे, दूधही ओढेल. पण ऊब हवी. आईच्या छातीशी ठेवा, अंगाला अंग लावून. तोच हिचा दवाखाना." हे मी कॉलेजात शिकून आले होते. मुलीला उचललं आणि चंदाच्या खाटेशी गेले. चंदाने भिंतीकडे तोंड केलं.

"घे हिला जवळ."

"नाई."

"दुखतंय का कुठे?"

"नाई. मी घेतली का जाते थे. दोघंबी तशेच गेले. मी माहं म्हनलं, अन् गेले."

मग मी तिला व्याख्यान दिलं. वजन, तापमान, जंतू, सगळं सांगितलं. शेवटी रागाने म्हटलं, "ऊब नाही मिळाली तर खरंच जाईल." ती आवाज न करता रडत राहिली, पण वळली नाही. दूध काढून द्यायची, तेही भिंतीकडे बघतच. तिची सासू पार्बताबाई नातीला गोधडीत गुंडाळून बसायची आणि मी चमच्याने पाजायचे. पण पोरीचे तळवे गारच. मी येता-जाता त्या तळव्यांना हात लावून बघायचे. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "असंच राहिलं तर अमरावतीला हलवावं लागेल." त्या गारठ्यात, त्या वजनाची पोर, तेवढा लांबचा रस्ता. ललिता सिस्टर सुपारी चघळायच्या थांबल्या.

त्याच दुपारी पार्बताबाई घरून सूप घेऊन आली. सुपात नातीला ठेवलं आणि माझ्यापुढे धरलं. "शिश्टर, लेकरू इकत घ्या."

मला आधी समजेचना. मग तिने समजावून सांगितलं. ज्या घरात लेकरं जगत नाहीत, तिथलं लेकरू सुपात घालून परक्याला विकायचं. मग ते त्या घरचं राहत नाही. त्या घरावर ज्याची वाईट नजर असेल, त्याला तिथे घरचं लेकरू सापडतच नाही. घेणारा ते त्याच आईकडे सांभाळायला ठेवतो, आणि लग्नाच्या आधी आईबाप ते सोडवून नेतात.

"मीच कशाला?" मी विचारलं.

"तुमी परगावच्या. अन् तुमच्या तोंडाले अख्खा वॉर्ड भेते. थे सटवीबी भेईन."

वॉर्डात खसखस पिकली. माझं डोकं फिरलं. "आजी, लेकरू म्हणजे काय वांगी आहेत? हा सरकारी दवाखाना आहे," असं म्हणत मी मागे वळले, आणि मला चंदा दिसली. तिने भिंतीकडचं तोंड फिरवलं होतं. बाळंत झाल्यापासून पहिल्यांदाच ती आमच्याकडे बघत होती, आणि सगळा जीव कानांत आणून माझं उत्तर ऐकत होती. रागातही कधीकधी माणसाचं डोकं चालतं. माझं तेव्हा चाललं.

"भाव काय?" मी विचारलं.

"पसाभर जवारी. नाईतर जे असन थे."

ज्वारी कुठून आणणार? खिशात फुटाण्यांची पुडी होती, ड्युटीवर चोरून खायची. त्यापायी मी ललिता सिस्टरांच्या शिव्याही खाल्ल्या होत्या. ती पुडी मी पार्बताबाईच्या ओंजळीत रिकामी केली.

"कमी भरते," पार्बताबाई ओंजळ बघून म्हणाली.

"पोरगीबी लहानच हाय," मागून ललिता सिस्टर म्हणाल्या, आणि सौदा झाला.

मी सुपातून पोरगी उचलली. एवढीशी होती ती. चंदाच्या खाटेशी गेले आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "ही माझी पोरगी आहे. मला ड्युटी आहे, म्हणून तुझ्याकडे सांभाळायला ठेवतेय. गार पडली तर गाठ माझ्याशी आहे. ब्लाउजची बटणं काढ."

"तुमचीच ना?" तिने विचारलं.

"माझीच."

"मंग द्या."

तिने पोरीला छातीशी घेतलं. मी दोघींवर गोधडी घातली. माझी ड्युटी संपत आली तेव्हा गोधडीत हात घालून बघितलं, तर तळवे उबदार लागले. मी औषधांच्या खोलीत गेले, दार लावलं आणि बाबा सोडून परत गेले त्या दिवसापासूनचं सगळं रडून घेतलं.

पोरगी जगली, बाळसं धरलं. नाव मालकिणीनेच ठेवायचं म्हणून मी आचल ठेवलं. पुढे माझं लग्न झालं, बदल्या झाल्या, दोन मुलगे झाले, अमरावतीला घर झालं. दर हंगामाला चंदाकडून संत्री यायची आणि संत्र्यांबरोबर तक्रारी. "तुमच्या पोरीनं सायकल मोडली." "तुमची पोरगी धा वाजेलोक झोपते." "तुमची पोरगी बारावी पास झाली." मला ती थट्टा वाटायची. मीही म्हणायचे, "मग वेणीही माझ्याकडेच घालायला पाठव."

आणि परवा ती सूप घेऊन दारात उभी. मागे आचल, हातात हेल्मेट. पुढच्या महिन्यात तिचं लग्न आहे. हळद लागायच्या आधी सोडवायलाच हवी, परक्याच्या पोरीचं कन्यादान कसं करणार?

"आई, आत त चाल. शेजारचे पाहून राह्यले," आचल म्हणाली, आणि मला डोळा मारला. "मावशी, फुटाण्यात देऊ नका मले. घासाघीस करजा."

"भाव वाढलाय आता," मी सवयीने म्हटलं.

चंदा हसली नाही. तिने ओंजळ इतकी शिगोशीग भरून पुढे धरली होती की फुटाणे उंबऱ्यावर सांडत होते. तेव्हा मला कळलं, ती थट्टा नव्हती. कधीच नव्हती. या बाईने पोरीच्या तापात रात्री काढल्या, तिच्या वेण्या घातल्या, तिला मारलं, कुरवाळलं, आणि इतकी वर्षं 'माही' हा एक शब्द तोंडातून निसटू दिला नाही. मी एका दुपारी झटक्यात बोलून गेले होते, तिने ते जन्मभर पाळलं होतं.

मी पदर पसरला. सगळे फुटाणे घेतले, सांडलेलेही वेचले. आचल काही सुपात मावणार नव्हती, तेव्हा तिने नुसते हात सुपात ठेवले. ते उचलून मी चंदाच्या हातांत दिले. "घे. तुझी तुला."

चंदाने ते हात घट्ट धरून ठेवले. आता तिला कोणाला तरी सांगायलाच हवं होतं, आणि समोर होता माझा नवरा. आचलला तो ती फ्रॉक घालायची तेव्हापासून ओळखतो. चंदा त्याच्याकडे वळली.

"भाऊ," ती म्हणाली, "हे माही पोरगी. आचल."

नवरा खुर्चीतून उठून उभा राहिला आणि त्याने आचलला हात जोडले. "बरं झालं," तो म्हणाला, "ओळख झाली."

मी तोंडात फुटाणे भरले, म्हणजे काही बोलायला नको.