मी हिरवा असलो तरी

मित्रांनो, आष्ट्यातल्या एका खासगी दवाखान्यात, खिडकीजवळच्या खाटेच्या उशाशी ठोकलेला मी एक जुना मॉनिटर आहे. ठोकलेला म्हणजे अगदी ठोकलेलाच! मागं लोखंडी पट्टी आणि तिला स्क्रू. मान वळवायची सोय नाही. समोरची खाट, तिच्यावरचा माणूस आणि त्याला बघायला येणारी भावकी, एवढंच माझं जग.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझी ऐट बघायला हवी होती. सांगलीच्या एका मोठ्या इस्पितळात मला लावलं, तेव्हा सगळा वॉर्ड बघायला जमला होता. "काय झकास मशीन आहे!" असं डॉक्टर म्हणायचे. मग बोटानं चालणारे नवे मॉनिटर आले आणि मला खोक्यात कोंबून इकडं धाडलं. आता माझी काच पिवळी पडली आहे. माझा आवाज बंद करायचं बटण तर दाबून दाबून गुळगुळीत झालंय. लोकांना माझं बोलणं किती आवडतं, ते यावरून ओळखा.

तुम्हाला वाटत असेल, मॉनिटरला सगळं कळतं. कसलं काय! पेशंटच्या बोटाला एक चिमटा आणि दंडाला एक पट्टा, त्यातून येईल तेवढंच मला कळतं. बरं, कळलं तरी बोलायची मुभा नाही. नाडी एकशेवीसच्या वर गेली किंवा वरचं बीपी नव्वदच्या खाली आलं, तरच मी भोंगा वाजवायचा. त्याच्या आत काहीही घडो, मी आपला हिरवा. तोंड असून मुका. फार चीड येते हो!

ऊसतोडीच्या दिवसांत माझ्या खाटेवर हरिबा आले. फौजेतून निवृत्त झालेला, ताठ मिशांचा गडी. पित्ताशयात खडे झाले होते. भरती करताना संयोगिता सिस्टरांनी नेहमीसारखं विचारलं, "काका, बीपीचा त्रास आहे का? काही गोळ्या चालू आहेत?"

"न्हाई. काय बी न्हाई. एकदम ओके," हरिबा म्हणाले.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी भेटायच्या वेळेला गावाकडची माणसं आली. खाटेभोवती ही गर्दी! आणि बघत कुणाकडं होती? माझ्याकडं! हरिबांची बायको बनाबाई सकाळपासून माझ्यासमोर टीव्हीसमोर बसावं तशी बसली होती. "आकडं हिरवं हायती. समदं बेस हाय," असं ती येईल त्याला सांगत होती.

चुलतभाऊ दादासो तर माझ्या काचेला बोट लावून म्हणाला, "नाडी अठ्ठ्याहत्तर! आरं हरिबा, तुझं आकडं माझ्यापरीस भारी हायती गड्या! उद्या घरला चल."

सगळे हसले. हरिबाही हसले, पण ओठ कोरडे पडले होते. मी तर घाबरून गेलो होतो. चिमट्यातून येणारी त्यांच्या नाडीची लाट बारीक बारीक होत चालली होती. आकडा तोच, पण जोर नाही. सकाळचं एकशेचाळीस बीपी एकशेसहावर आलं होतं. हे काहीतरी वाईट चाललंय, असं मला ओरडावंसं वाटत होतं. पण एकशेसहा म्हणजे नव्वदच्या वर, आणि अठ्ठ्याहत्तर म्हणजे एकशेवीसच्या खाली. माझा भोंगा माझ्याच पोटात कोंडून राहिला. आणि माझे हिरवे आकडे बघून ती सगळी भोळी माणसं निर्धास्त होत होती. त्या दिवसाइतका मी स्वतःवर कधी चिडलो नाही.

तेवढ्यात संयोगिता सिस्टर आल्या. त्यांनी माझ्याकडं नुसता एक कटाक्ष टाकला आणि हरिबांचा हात हातात घेतला. मग तो सोडलाच नाही.

"काका, घाम का आलाय तुम्हाला?"

"गरमतंय जरा. पाणी द्या की."

"पण हात तर गार पडलाय."

हरिबा सारखी चादर ओढत होते, पुन्हा ढकलत होते. सिस्टरांनी त्यांचं नख दाबून सोडलं. पांढरं पडलेलं नख लवकर लाल होईना. पोटावर हात ठेवला तर ते ताठ लागलं. लघवीच्या पिशवीत सकाळपासून जेमतेम तळ झाकला होता. आत रक्तस्राव होत असावा असं सगळं सांगत होतं, एक नाडी सोडून. रक्त वाहिलं की नाडी पळते. ही का पळत नाही? सिस्टर बनाबाईंकडं वळल्या.

"मावशी, आज सकाळी काकांनी चहाबरोबर काही घेतलं का?"

"गोळी घेतली की. रोजची."

"कसली गोळी?"

"बीपीची. मिलिटरीच्या दवाखान्यातनं मिळती. नाडीबी ताब्यात ऱ्हाती म्हणं तिच्यानं."

"अहो, पण भरती करताना विचारलं तेव्हा काका नाही म्हणाले!"

"आवं, गोळी घेतल्याव बीपी ऱ्हातंय कुठं?" बनाबाई म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. त्या घरात हिशेबच तसा होता. गोळी ही शिस्त, दाढी करण्यासारखी. आजार नव्हे.

त्या गोळीनं नाडी बांधून ठेवली होती. म्हणजे माझ्यासारखीच तीही कोंडलेली!

सिस्टरांनी गर्दी बाहेर काढली, हरिबांचे पाय उचलून उशीवर ठेवले आणि सर्जनना फोन लावला. त्यांनी साहजिकच आधी आकडे विचारले.

"आकडे चांगले आहेत सर, पण पेशंट चांगला नाही," सिस्टर म्हणाल्या. मग त्यांनी घाम, नख, पोट, लघवी आणि ती गोळी, सगळं सांगितलं. पलीकडून लगेच उत्तर आलं, "सलाईन जोरात सोडा, रक्त मागवा. मी निघालो."

माझा भोंगा वाजला तो हरिबांना स्ट्रेचरवर घेताना. सगळं कळून चुकल्यावर! मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू.

पुन्हा पोट उघडलं. एक रक्तवाहिनी गळत होती, ती बांधली. हरिबा वाचले. घरी जायच्या दिवशी बनाबाई कुंकवाची डबी घेऊन आली आणि तिनं काय करावं? माझ्या काचेवर ठसठशीत बोट ओढलं, हात जोडले आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "ह्यानंच वाचिवलं माझ्या धन्याला."

अगं बाई, मी नव्हे! ती बघ, ती पलीकडच्या खाटेजवळ दुसऱ्या कुणाचा हात हातात घेऊन उभी आहे, ती! किती तडफडलो मी आतल्या आत. पण हरिबांची नाडी तेव्हा छान चालली होती, आणि अशा वेळी मला बोलता येत नाही.

म्हणून मित्रांनो, हे तुम्हाला सांगतो. रोजची गोळी कितीही साधी वाटली तरी सिस्टरांना तिचं नाव सांगा. आणि तुमचं माणूस माझ्या खाटेवर असलं, तर माझ्याकडं पाठ करून बसा. त्याचा हात धरा. तो गार लागला तर सिस्टरांना हाक मारा, मी हिरवा असलो तरी.