दुसऱ्यांदा येतो तो पाहुणा

फॉर्मच्या उजव्या कोपऱ्यात, सहीच्या रेघेपासून बोटभर अंतरावर, एक फिकट तपकिरी वर्तुळ होतं. बेल्किसाने पट्टी लावून मोजलं: व्यास तीन सेंटिमीटरला किंचित कमी. एका बाजूला रेघ जाड, दुसऱ्या बाजूला जवळजवळ पुसलेली. तिने दुसरा फॉर्म काढला. त्यावरही वर्तुळ. तिसऱ्यावर दोन, एकमेकांत अडकलेली. दुपारपर्यंत तिने बावीस जणांचे, प्रत्येकाच्या दोन भेटींचे, चव्वेचाळीस फॉर्म पाहून संपवले. पहिल्या भेटीच्या एकाही फॉर्मवर डाग नव्हता. दुसऱ्या भेटीच्या एकोणीस फॉर्मांवर होता.

डागाच्या बरोबर वर छापील प्रश्न होता: "केंद्रात येण्यापूर्वीच्या बारा तासांत आपण कॉफी घेतली का?" त्यापुढे सगळीकडे तंत्रज्ञ शेमसाबाईंच्या वळणदार अक्षरात एकच उत्तर होतं. नाही.

बेल्किसा सारायेव्होच्या त्या मेंदूचित्रण केंद्रात आकडेमोड करणारी भौतिकशास्त्रज्ञ होती. युद्ध संपून इतकी वर्षं झाली तरी ज्यांच्या डोक्यातलं युद्ध संपलं नव्हतं, दार आपटलं की ज्यांचे हात आपोआप डोक्यावर जात, अशा लोकांसाठी व्हिएन्नाच्या एका कंपनीने नवी गोळी काढली होती. गोळी सुरू होण्याआधी एकदा आणि सहा आठवड्यांनी एकदा माणसाला एमआरआय यंत्रात झोपवायचं आणि मेंदूच्या कुठल्या भागात रक्त किती वाहतं ते पाहायचं, एवढंच काम. जास्त असेल तर चित्रात लाल; कमी असेल, म्हणजे तो भाग शांत असेल, तर निळं.

खऱ्या गोळ्या कोणाला आणि तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या पिठाच्या कोणाला, हे चिठ्ठ्या टाकून ठरायला हवं होतं. पण केंद्राचे प्रमुख, प्राध्यापक एन्वर चाउशेविच, यांना पसारा आवडत नसे. डब्यांची सरमिसळ नको म्हणून त्यांनी खऱ्या गोळ्या सगळ्या सारायेव्होत ठेवल्या आणि पिठाच्या सगळ्या तुझ्ला शहरातल्या केंद्राकडे पाठवल्या. हे बरोबर नाही, असं बेल्किसाने पहिल्याच महिन्यात लिहून दिलं होतं. त्यावर "नोंद घेतली" असा शिक्का बसला. शिक्का फार सुबक होता.

सहा आठवड्यांनी तुझ्लाचे मेंदू होते तसेच राहिले आणि सारायेव्होचे निळे झाले. प्राध्यापकांनी त्या दिवशी सगळ्यांना बक्लावा वाटला.

"सर, पण सगळाच मेंदू निळा झालाय," बेल्किसा म्हणाली होती. "पाहण्याचा भाग, हातापायांचा भाग, सगळंच."

"औषध जोरदार आहे."

"भीतीची गोळी पाहण्याच्या भागावर कशाला चालेल?"

"अगं, भीती आत येते कुठून? डोळ्यांतूनच ना!" प्राध्यापकांनी टेबलावरचा प्लास्टिकचा मेंदू उचलून तिच्यापुढे धरला. त्याचा एक तुकडा नेहमीप्रमाणे खाली पडला. "असं कर. भीतीचं केंद्र तेवढं निळं ठेव, बाकीचं राखाडी करून टाक. पाहुण्यांना गाव दाखवायला नेलं की आपण गटार दाखवतो का?"

"आणि प्रश्नावली? झोप तशीच, स्वप्नं तशीच. कोणालाच बरं वाटत नाहीये."

"माणूस खोटं बोलतो, बेल्किसा. मेंदू बोलत नाही."

हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं, की आठवड्याभरात ते मोठ्या अक्षरांत छापून व्हरांड्यात लागलं.

कॉफी पोटात गेली की मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्ताचा प्रवाह चांगलाच उतरतो, ही गोष्ट या कामात पहिल्या वर्षाच्या मुलालाही ठाऊक असते. तो बारा तासांचा प्रश्न त्यासाठीच तर होता. म्हणून डाग मोजून झाल्यावर बेल्किसाने ज्यांच्या दुसऱ्या भेटीच्या फॉर्मवरही डाग नव्हता अशा तिघांची चित्रं उघडली. दोघांचा त्या दिवशी रोजा होता. (रमझानात तपासणीला नऊ जण आले होते, रोजा दोघांचाच होता.) तिसऱ्या बाईंना अल्सर होता. गोळी तिघांनीही सहा आठवडे नेमाने घेतली होती. तिघांचेही मेंदू जराही निळे झाले नव्हते.

ती उठून तपासणीच्या खोलीत गेली. शेमसाबाई खिडकीपाशी विजेच्या शेगडीवर जेझ्वा ठेवून उभ्या होत्या. लांब दांड्याच्या त्या तांब्याच्या भांड्यात फेस चढत होता. यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञ म्हणून त्यांची एकतीस वर्षं झाली होती, निवृत्तीला चौदा महिने उरले होते.

"शेमसामावशी, तपासणीला आलेल्यांना तुम्ही कॉफी देता?"

"म्हणजे काय? तशीच झोपवू त्या नळकांड्यात?"

"पण फॉर्मवर तर 'नाही' लिहिलंय."

"नीट वाच की, पोरी. येण्यापूर्वी घेतली का, असं विचारलंय. येण्यापूर्वी कोणीच घेत नाही. मी दारातच विचारते आणि घेतली असेल तर परत पाठवते. कायदा म्हणजे कायदा." त्यांनी फेस चमच्याने दोन फिल्जानांत सारखा वाटला. बिनकानाचे ते छोटे पेले त्यांनी आईकडून आणले होते. "इथे आल्यावर काय, त्याबद्दल फॉर्म काही म्हणत नाही."

"आणि पहिल्या भेटीला?"

"पहिल्यांदा येतो तो पेशंट. घाबरलेला असतो, त्याला काय विचारणार? दुसऱ्यांदा येतो तो पाहुणा." त्यांनी खडीसाखरेची बशी पुढे सरकवली. "तुझ्लात तो मेहो बसतो ना यंत्रावर, तो सख्ख्या आईलासुद्धा पाणी विचारायचा नाही. का गं, काही चुकलं का?"

"काही नाही," बेल्किसा म्हणाली आणि फिल्जान घेतला. केंद्रात पहिल्या दिवशी, सगळे तिला नवी मुलगी म्हणून फायली उचलायला लावत होते तेव्हा, याच हातांनी तिला असाच फिल्जान दिला होता.

त्याला पाच आठवडे झाले. प्राध्यापकांना द्यायच्या पत्राचे तिने चार मसुदे केले. चौथ्यात शेमसाबाईंचं नाव नव्हतं; पण कॉफी आपोआप उकळत नाही. मागे यंत्राचं कूलिंग बंद पडलं तेव्हा चौकशी होऊन पहारेकऱ्याची बदली झाली होती. कूलिंगशी त्याचा काही संबंध नव्हता, पण तो जवळच उभा होता. शेमसाबाई तर शेगडीलाच हात लावून उभ्या होत्या.

एवढ्यात अहवाल तयार झाला. आकडेमोड करणारीची सही त्यावर लागत होती. बेल्किसा रोज म्हणे, उद्या. पुन्हा एकदा तपासते. हे खोटं नव्हतं. ती रोज तपासत होती, आणि रोज तेच येत होतं.

मग एका सकाळी हासिबकाका आले. निवृत्त ट्रामचालक, त्यांचा मेंदू बाविसांत सगळ्यात निळा होता आणि केंद्राने छापलेल्या पोस्टरवरही त्यांचाच होता. शेमसाबाईंना भेटायला म्हणून ते अधूनमधून येत.

"या, पोस्टरवाले," शेमसाबाई म्हणाल्या. "हे काय, डोळे असे का झालेत?"

"नऊ दिवस झाले, डोळ्याला डोळा लागला नाही." हासिबकाका खुर्चीच्या कडेवर टेकले. "कोणाला सांगू नका."

"झोपेची जुनी गोळी घेता ना?" बेल्किसाने विचारलं.

"ती बंद केली. प्राध्यापक म्हणाले, आता गरज नाही, चित्रात मेंदू शांत झालाय. बायकोने तर ते चित्र फ्रेम करून लावलंय, आजोबांच्या फोटोशेजारी. मी मध्येच ओरडून उठलो की ती तिकडे बोट दाखवते. म्हणते, ते बघ, तुला काही झालेलं नाही." ते हसले, पण हसू अर्ध्यावरच थांबलं. "खरं सांगू का, पोरी? चित्र एवढं मोठ्या लोकांनी काढलंय. मीच ढोंग करत असेन. माणसाला आपलं ढोंग कळत नाही ना कधीकधी?"

बेल्किसा थेट प्राध्यापकांकडे गेली आणि म्हणाली की हासिबकाकांची जुनी गोळी परत सुरू करायला हवी.

"आत्ता? व्हिएन्नाचे लोक गुरुवारी येतायत आणि त्यांना दाखवायला मी त्यालाच बोलावलंय," प्राध्यापक म्हणाले. "सही झाली की गोळी मंजुरीला जाईल. एकदा मंजूर झाली की त्याला काय हवं ते दे."

गुरुवारी बैठकीच्या खोलीत पडदा लावला होता. कंपनीकडून यागोदा लिंडनर आल्या होत्या. जन्म इकडच्याच डोबोय गावचा, लहानपणीच आईबापांबरोबर व्हिएन्नाला गेलेल्या. भाषा इथलीच, पण प्रत्येक वाक्य इस्त्री केलेलं. पडद्यावर राखाडी मेंदू होता आणि त्याच्या मधोमध बदामाएवढा निळा ठिपका. पडद्याशेजारी, पाढे म्हणायला उभ्या केलेल्या मुलासारखे, कोट घातलेले हासिबकाका.

"फारच सुंदर," लिंडनरबाई ठिपक्याकडे पाहत म्हणाल्या. मग हासिबकाकांकडे वळल्या. "आता कसं वाटतंय आपल्याला?"

हासिबकाकांनी प्राध्यापकांकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"चित्रात बरा आहे," ते म्हणाले.

लिंडनरबाई हसल्या, प्राध्यापक मोठ्याने हसले, आणि प्राध्यापकांनी अहवालाचं शेवटचं पान बेल्किसापुढे सरकवून त्यावर पेन ठेवलं. तेवढ्यात दार उघडून शेमसाबाई ट्रे घेऊन आल्या. आधी पाहुण्या, मग प्राध्यापक, मग हासिबकाका. शेवटी त्या बेल्किसाजवळ आल्या आणि फिल्जान ठेवण्यासाठी वाकल्या.

"पाच आठवडे झाले, तोंडात घास धरल्यासारखी हिंडतेयस," त्या तिच्या कानाशी पुटपुटल्या. "वर्तुळं मोजत बसलीस तेव्हाच कळलं मला. मी काय एकतीस वर्षं तिथे नुसती झाडू मारत होते? कॉफी माझी आहे. तो माणूस झोपत नाहीये, पोरी."

बेल्किसाने मान वर करून पाहिलं. शेमसाबाई रिकामा ट्रे छातीशी धरून भिंतीजवळ जाऊन उभ्या राहिल्या होत्या. जागा सोडण्याचा त्यांचा विचार दिसत नव्हता.

"बेल्किसा, सही," प्राध्यापक म्हणाले. "बाईंना विमान गाठायचंय."

तिने फिल्जान उचलला. कॉफी गरम होती, तिने घोट घोट करत संपवली, गाळ राहीपर्यंत. सगळे थांबले, इथे कॉफी पिणाऱ्याला घाई कोणी करत नाही. मग तिने फिल्जान खाली ठेवला, अहवालाच्या शेवटच्या पानावर, सहीच्या रेघेपासून बोटभर अंतरावर, आणि उचलला. कागदावर तपकिरी वर्तुळ उमटलं. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पुसट.

"अगं, हे काय!" प्राध्यापक ओरडले.

"दुसऱ्या भेटीच्या एकोणीस फॉर्मांवर हे आहे," ती म्हणाली. आवाज इतका हळू होता की लिंडनरबाईंना पुढे झुकावं लागलं. "त्या एकोणीस जणांचे मेंदू निळे झाले. ज्या तिघांच्या फॉर्मवर नाही, त्यांचे झाले नाहीत. गोळी सगळ्यांनी घेतली होती. तुझ्लात कोणी कॉफी विचारत नाही. दोन्हीकडे चिठ्ठ्या टाकून गोळ्या वाटल्या असत्या तर इथे पिठाची गोळी घेणारेही निळे झाले असते, आणि हे तेव्हाच कळलं असतं. ते मी लिहून दिलं होतं, त्यावर शिक्का आहे."

"कॉफी?" लिंडनरबाई म्हणाल्या. त्यांनी हातातल्या फिल्जानाकडे पाहिलं आणि तो अगदी अलगद बशीत ठेवला.

"कोणी दिली कॉफी?" प्राध्यापकांचे डोळे भिंतीकडे वळू लागले होते.

बेल्किसा उठून त्यांच्या आणि भिंतीच्या मध्ये उभी राहिली. पेन टेबलावर तसंच होतं. तिने पाहिलं ते हासिबकाकांकडे, पण या वेळी इतक्या मोठ्याने बोलली की व्हरांड्यातही ऐकू गेलं असावं.

"मी सही करणार नाही. हासिबकाका, ते चित्र घरी जाऊन भिंतीवरून उतरवा. तुम्ही म्हणता ना झोप येत नाही, मग नाही येत."